कृत्रिम बुद्धिमत्ता : महाराष्ट्रातील पूर्वपीठिका व उपयोग

जी कामे माणसाने केली असता त्यांना बुद्धी लागते असे आपण मानतो, ती यंत्राकडून, विशेषतः अंकीय संगणकाकडून, करवून घेण्याच्या शास्त्राला व तंत्राला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ असे म्हणतात. चित्रातील वस्तू ओळखणे, बोललेले समजणे, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत भाषांतर करणे, रोगाचे निदान सुचविणे, बुद्धिबळ खेळणे ही अशा कामांची नित्याची उदाहरणे होत. ही व्याख्या काहीशी निसरडी आहे. गुणाकार-भागाकार हे एके काळी बुद्धीचे काम मानले जात असे. यंत्र ते करू लागताच त्याला कोणी बुद्धी म्हणेनासे झाले. बुद्धिबळाचेही पुढे तसेच झाले. त्यामुळे या शास्त्राची सीमा नेहमी थोडी पुढे सरकत राहिली आहे, आणि त्याच्या इतिहासात मोठ्या अपेक्षा व तितकीच मोठी निराशा यांचे पाळीपाळीने दर्शन घडते.

ॲलन मॅथिसन ट्युरिंग (२३ जून १९१२–७ जून १९५४) या ब्रिटिश गणितज्ञांनी १९५० मध्ये ‘यंत्राला विचार करता येईल काय’ हा प्रश्न एका निबंधात मांडला व त्याऐवजी संभाषणाची एक कसोटी सुचविली. १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात भरलेल्या चर्चासत्रासाठी जॉन मॅकार्थी यांनी योजलेले नाव या विषयाला कायमचे चिकटले. त्यानंतर दोन प्रवाह दिसतात. एकात ज्ञान हे नियमांच्या व चिन्हांच्या रूपाने यंत्रात घालावयाचे, तर दुसऱ्यात मेंदूतील तंत्रिका कोशिकांच्या जाळ्यावरून सुचलेल्या गणिती जाळ्याला उदाहरणे दाखवून ते शिकू द्यावयाचे. दुसऱ्या प्रकारचे फ्रँक रोझेनब्लॅट यांचे ‘पर्सेप्ट्रॉन’ १९५८ मध्ये पुढे आले. परंतु मिन्स्की व पॅपर्ट यांच्या १९६९ मधील टीकेनंतर ते मागे पडले आणि सु. वीस वर्षे पहिल्या प्रवाहाचाच वरचष्मा राहिला. अशा पुष्कळ गोष्टी सर्वत्र सांगितल्या जातात; महाराष्ट्राच्या वाचकाला जवळची असलेली कथा मात्र क्वचितच एकत्र सांगितली जाते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः तिचाच विचार केला आहे.

ह्या कथेचे पहिले पान यंत्राचे नसून गणिताचे आहे व ते पुण्यात लिहिले गेले. दामोदर धर्मानंद कोसंबी (३१ जुलै १९०७–२९ जून १९६६) हे गोव्यातील कोसबें येथे जन्मलेले गणितज्ञ व इतिहासकार फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत असताना त्यांनी १९४३ मध्ये भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला. अनेक परस्परसंबद्ध मोजमापांचा एखादा गुंता मोजक्या स्वतंत्र घटकांच्या बेरजेने कसा मांडता येतो, हे त्यात दाखविले होते. पुढे कारहुनेन व लोएव्ह यांनीही हाच निष्कर्ष स्वतंत्रपणे मांडला व तो दीर्घकाळ त्या दोघांच्याच नावाने ओळखला गेला. अलीकडे त्यात कोसंबींचे नाव पहिले घेण्याचा प्रघात पडू लागला आहे. मानवी चेहऱ्याच्या छायाचित्रातील हजारो बिंदूंऐवजी थोड्याशा ‘मूळ चेहऱ्यां’ची मिश्रणे पाहून व्यक्ती ओळखण्याची जी पद्धत १९८७ ते १९९१ च्या सुमारास अमेरिकेत विकसित झाली, ती याच गणितावर उभी आहे. स्वतः कोसंबींना हे गणित नाण्यांच्या अभ्यासाप्रमाणेच निसर्गातील नियम शोधण्यासाठी हवे होते. यंत्राने माणसाचे तोंड ओळखावे, हा उद्देश त्यांच्या मनात नव्हता. कोसंबी १९४५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले व १९६२ पर्यंत तेथे होते.

टिफरॅक व कुलाब्यातील गट : होमी जहांगीर भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या ह्या संस्थेने १९५० नंतरच्या दशकात स्वतःचा संगणक बांधण्याचे ठरविले. त्या वेळी देशात परदेशी संगणक नव्हतेच असे नाही. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५५ मध्ये एक ब्रिटिश यंत्र आणले होते. पण यंत्र विकत घेणे व यंत्र बांधण्याची विद्या मिळविणे या भिन्न गोष्टी आहेत, हे संस्थेच्या धुरीणांना कळत होते. प्रायोगिक यंत्राचे काम १९५५ मध्ये सुरू झाले आणि १९५६ च्या अखेरीस ते चालू लागले. डार्टमथचे चर्चासत्र भरले ते वर्षही हेच. हा निव्वळ योगायोग असला तरी लक्षात ठेवण्याजोगा आहे. काम करणाऱ्या गटातील बहुतेक तरुण भौतिकीचे पदवीधर होते व संगणक चालविण्याचा पूर्वानुभव त्यांना नव्हता.

पूर्ण आकाराचे यंत्र फेब्रुवारी १९६० मध्ये कार्यान्वित झाले. त्यात सु. २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम द्विप्रस्थ व १२,५०० रोधक होते. स्मृती फेराइटाच्या गाभ्यांची असून तीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे शब्द मावत. उत्तरे ऋण किरण नलिकेच्या पडद्यावर आलेखाच्या रूपाने पाहण्याचीही सोय होती. संस्थेच्या कुलाबा येथील नव्या वास्तूच्या जानेवारी १९६२ मधील उद्‌घाटनाच्या वेळी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्याला ‘टिफरॅक’ हे नाव दिले. आजच्या साध्या मनगटी घड्याळातील संगणनशक्तीशी तुलना केली असता हे यंत्र हास्यास्पद वाटेल. परंतु देशातील अनेक विद्यापीठांतील व प्रयोगशाळांतील संशोधक आपले प्रश्न घेऊन कुलाब्याला येत व तेथेच आज्ञावली लिहिण्यास शिकत. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा अमेरिकन संगणक आला आणि टिफरॅकचे आयुष्य संपले. निर्वात नलिकांचे यंत्र पूर्ण होईपर्यंत जगात ट्रँझिस्टरांचे युग सुरू झाले होते. तेव्हा ह्या खटाटोपाचे फळ यंत्रात शोधण्यापेक्षा ते माणसांत शोधावे हे बरे.

नरसिंहन् व चित्रांचे व्याकरण : त्या माणसांत अग्रस्थानी रंगस्वामी नरसिंहन् (१७ एप्रिल १९२६–३ सप्टेंबर २००७) हे होत. मद्रासमध्ये जन्मलेले, गिंडी येथे दूरसंदेशवहन अभियांत्रिकी शिकलेले व अमेरिकेत विद्युत् अभियांत्रिकीची व नंतर गणितातील डॉक्टर पदवी घेतलेले नरसिंहन् १९५४ मध्ये टाटा संस्थेत दाखल झाले आणि संगणक गटाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. १९६१ ते १९६४ या काळात ते इलिनॉय विद्यापीठात होते. तेथे ‘इलिॲक–३’ हा चित्रे वाचण्यासाठी खास योजलेला संगणक आकारास येत होता. अणुकेंद्रीय भौतिकीच्या प्रयोगांत बुद्‌बुद कोठीची लाखो छायाचित्रे निघत. विद्युत् भारित कण द्रवातून जाताना मागे बुडबुड्यांची रेघ सोडतो. ती रेघ कोठे वळली, कोठे फुटली व तिला किती फाटे आले, हे पाहण्यासाठी माणसे डोळे फोडीत बसत. ते काम यंत्राने करावे अशी कल्पना होती.

या निमित्ताने नरसिंहन् यांनी एक मूलभूत मुद्दा मांडला. त्या काळी चित्र ओळखणे म्हणजे त्याला एखाद्या ठरीव वर्गात टाकणे असे समजत : हा ‘अ’ आहे किंवा नाही. नरसिंहन् यांचे म्हणणे असे, की चित्राला नाव देण्यापेक्षा त्याचे वर्णन करता आले पाहिजे; त्याचे अवयव कोणते, ते एकमेकांना कोठे व कसे जोडलेले आहेत, हे सांगता आले पाहिजे. वाक्याला जसे शब्द व त्यांच्या जोडणीचे नियम असतात, तसे चित्रालाही रेघा, टोके व सांधे असतात आणि त्यांच्या जोडणीचे व्याकरण लिहिता येते. १९६४ व १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांनी ‘वाक्यरचनात्मक आकृतिबंध-अभिज्ञान’ या शाखेचा पाया घालण्यास मोठा हातभार लावला.

मराठी वाचकाला हा विचार देवनागरीच्या उदाहरणाने चटकन कळेल. ‘व’ आणि ‘ब’ या अक्षरांच्या बिंदूंची नुसती मोजदाद केली, तर ती जवळजवळ सारखीच भरतील. वर्णन करू लागले म्हणजे मात्र फरक लगेच उघड होतो : दोहोंत शिरोरेषा, दोहोंत उभा दंड, दोहोंत दंडाच्या डावीकडे बंदिस्त गोल, पण एकात गोलाच्या पोटात तिरपी रेघ आहे व दुसऱ्यात नाही. ‘प’ आणि ‘ष’ यांचेही तसेच. बालवाडीत शिकविणाऱ्या बाई अक्षर गिरवून घेताना जे सांगतात, ते या अर्थाने चित्राचे व्याकरणच असते. देवनागरी लिपी यंत्राने वाचण्याचे प्रारंभीचे महत्त्वाचे काम १९७० नंतरच्या दशकात कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत आर. एम. के. सिन्हा व एच. एन. महाबल यांनी याच दिशेने केले.

नरसिंहन् पुढे बालकाच्या भाषेकडे वळले. मूल भाषा शिकते ते व्याकरणाची पोथी पाठ करून नव्हे, तर वागण्याच्या ओघात, मागणे, नाकारणे, दाखविणे, विचारणे यांतून. तेव्हा भाषेचे प्रतिमान करावयाचे तर वर्तनाचे केले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. यावरील त्यांचा ग्रंथ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या ग्रंथातही त्यांनी कर्तेपणाने वागणारा प्राणी हाच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासाचा विषय मानला. त्यांची ही वाट फारसे कोणी चोखाळली नाही. आजची यंत्रे तर केवळ लिखित मजकुराच्या प्रचंड ढिगाऱ्यावरून भाषा शिकतात, म्हणजे नरसिंहन् यांनी जे अपुरे मानले असते त्याच मार्गाने. आणि तरीही ती बोलतात. यावरून नरसिंहन् चुकले, की यंत्रे बोलत असूनही त्यांना भाषा येत नाही, हा वाद अद्याप मिटलेला नाही. भारतीय संगणक संस्थेचे (स्थापना १९६५) ते पहिले अध्यक्ष होते. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

कामगारांचा प्रश्न : मुंबईत व्यापारी कामासाठी संगणक आला तो १९६१ मध्ये, एस्सो या तेलकंपनीत. त्यानंतर विमा, बँका व मोठ्या कचेऱ्या यांतून संगणक बसविण्याचे बेत सुरू झाले व त्याबरोबर नोकऱ्या जाण्याची भीतीही पसरली. आयुर्विमा महामंडळातील कर्मचाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात तीव्र विरोध केला. हा विरोध अडाणीपणाचा होता असे आज सहज म्हटले जाते. ते न्याय्य नाही. सुशिक्षित बेकारांचे तांडे दारात उभे असताना हिशेबनिसाची जागा यंत्राला का द्यावी, हा प्रश्न वाजवीच होता. केंद्र शासनाने १९६९ मध्ये स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील विनायक महादेव दांडेकर (१९२०–९५) तिचे अध्यक्ष होते. भारतातील दारिद्र्याची पाहणी नीळकंठ रथ यांच्यासह करणारे हेच ते दांडेकर. समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. यंत्र बसविण्यापूर्वी त्याची सामाजिक गरज तपासावी, ते मालकाच्या एकट्याच्या मर्जीवर सोडू नये, असा तिचा सर्वसाधारण रोख होता. बँकांत संगणकाला वाट मिळाली ती १९८३ मध्ये बँका व कर्मचारी संघटना यांच्यात करार झाल्यावर. मधल्या दशकात नोकऱ्या टिकल्या, पण ग्राहकांच्या रांगाही टिकल्या. दांडेकर समितीने विचारलेला प्रश्न आज पत्रलेखन, भाषांतर व आज्ञावलीलेखन या कामांबाबत जसाच्या तसा पुन्हा उभा आहे, आणि या वेळी तो विचारणारी समिती नाही.

जुहू येथील केंद्र : टाटा संस्थेतच संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सुरू झालेले एक केंद्र १९८५ मध्ये ‘राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविज्ञान केंद्र’ या नावाने स्वतंत्र झाले व जुहूला गेले. एस. रमणी हे त्याचे संचालक होते. भारतातील शैक्षणिक संगणक-जाळ्याची उभारणी हे या केंद्राचे प्रसिद्ध कार्य होय. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो १९८६ मध्ये सुरू झालेला ‘ज्ञानाधारित संगणक प्रणाली’ हा राष्ट्रीय कार्यक्रम. जपानने ‘पाचव्या पिढीच्या’ संगणकाची घोषणा करून सर्व जगाला हलवून सोडले होते. त्या लाटेत भारतानेही कामाची वाटणी केली. मद्रासकडे तज्ञ प्रणाली, बंगलोरकडे समांतर संगणन, कलकत्त्याकडे चित्रसंस्करण, टाटा संस्थेकडे वाणी व जुहूच्या केंद्राकडे भाषा असे विषय आले. डिसेंबर १९८९ मध्ये या विषयावरील आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली.

तज्ञ प्रणाली म्हणजे एखाद्या जाणकाराचे ज्ञान ‘असे असेल तर तसे कर’ अशा नियमांत उतरवून त्यावरून अनुमान काढणारी आज्ञावली. अशा प्रणाली उभारण्यासाठी जुहूच्या केंद्राने ‘विद्वान’ नावाची चौकट तयार केली. नाव मोठे समर्पक होते, पण या विद्वानाचा जो दोष होता तोच सर्वत्र आढळला. जाणकार वैद्याला किंवा मिस्त्रीला तुम्ही हे कसे ओळखता असे विचारले, तर तो पाच-दहा नियम सांगतो आणि पुढे म्हणतो, ‘अनुभवाने कळते’. तो अनुभव नियमांत उतरविता येईना. जपानची पाचवी पिढीही अपेक्षेप्रमाणे अवतरली नाही. जुहूचे केंद्र पुढे पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रात (सी-डॅक) विलीन झाले.

हे पुण्याचे केंद्र १९८८ मध्ये स्थापन झाले होते. अमेरिकेने महासंगणक देण्यास केलेली टाळाटाळ हे त्याचे निमित्त होय. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा समांतर संगणक तेथे तयार झाला. परमचा गाजावाजा बराच झाला. परंतु सामान्य मराठी माणसाच्या उपयोगी अधिक पडले ते त्याच केंद्रातील लिप्यांचे काम. कानपूरला सुरू झालेली व नंतर पुण्यात वाढलेली ‘जिस्ट’ ही तांत्रिक रचना संगणकाच्या पडद्यावर देवनागरी आणू शकली. ज्या भाषेची अक्षरेच यंत्रात नाहीत, तिच्यात यंत्राची बुद्धी कोठून येणार? याच केंद्राने कार्यालयीन इंग्रजी मजकुराचे हिंदी भाषांतर करणारी ‘मंत्र’ ही प्रणाली तयार केली व राज्यसभेच्या कामकाजासाठीही तिचा उपयोग झाला. नेमणुकीचे आदेश, परिपत्रके यांसारख्या साचेबंद मजकुरापुरते तिचे यश चांगले होते.

मराठीची अडचण : नियमांच्या मार्गाने मराठी यंत्राला शिकविणे किती कठीण आहे, हे ठाण्याच्या एका पत्त्यावरूनही दिसते. ‘माजिवडा’ हे ठाणे शहरातील घोडबंदर मार्ग व पूर्व द्रुतगती महामार्ग यांच्या संगमाजवळचे गाव. आता महानगरपालिकेच्या माजिवडा-मानपाडा या प्रभागाचा भाग. त्याला माजिवडे असेही म्हणतात. मराठीत नामाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते. म्हणून ‘माजिवड्याला’, ‘माजिवड्यातील’, ‘माजिवड्यापासूनच’ अशी रूपे होतात व त्यांपैकी एकातही मूळ शब्द जसाच्या तसा सापडत नाही. बरे, सामान्यरूप उलगडले तरी मूळ नाव माजिवडा की माजिवडे हे त्यावरून कळत नाही; दोहोंचे सामान्यरूप एकच. शब्दाचे तुकडे पाडणाऱ्या यंत्राने ‘वडा’ वेगळा काढून तो खाद्यपदार्थांत घातला, तर त्याला दोष देता येत नाही. खुद्द ठाण्याची गत आणखी मौजेची आहे. ‘ठाणे नगर पोलीस ठाणे’ यात दोन ठाणी आहेत. पहिले शहर, दुसरे चौकी. आणि ‘तो ठाण्यात बसला आहे’ या वाक्यात तो शहरात आहे की पोलिसांच्या ताब्यात, हे आजूबाजूचे बोलणे ऐकल्यावाचून माणसालाही सांगता येणार नाही.

ह्या गुंत्यावर मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत पवई येथे दीर्घकाळ काम झाले. पुष्पक भट्टाचार्य व त्यांचे सहकारी यांनी हिंदी व मराठी शब्दांची ‘शब्दजाळी’ उभारली. प्रिन्स्टन विद्यापीठातील इंग्रजी शब्दजाळीचा नमुना त्यांच्यापुढे होता. समानार्थी शब्दांचा एकेक गट करून त्या गटांत सामान्य-विशेष, अवयव-अवयवी, विरुद्धार्थ असे संबंध जोडावयाचे, अशी तिची रचना असते. कोशकाराला हे काम परके वाटू नये. अमरकोशात समानार्थी शब्दांचे वर्ग बांधलेलेच आहेत. पुढे अशा जाळ्या अनेक भारतीय भाषांत होऊन त्या परस्परांशी जोडण्यात आल्या. हे सर्व काम हाताने, शब्दागणिक विचार करून झाले आहे.

त्यानंतर वारा फिरला. तंत्रिका-जाळ्यांना शिकविण्याची कार्यक्षम रीत १९८६ मध्ये पुन्हा प्रकाशात आली होती. मात्र पुरेशी उदाहरणे व पुरेशी वेगवान यंत्रे मिळावयास २०१२ साल उजाडले. त्या वर्षी छायाचित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत अशा जाळ्याने इतरांना फार मागे टाकले. २०१७ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना पुढे आली. तीत वाक्यातील प्रत्येक शब्दखंडाचा इतर सर्व खंडांशी किती संबंध आहे, हे आकड्यांनी ठरविले जाते आणि पुढचा खंड कोणता येण्याचा संभव अधिक, एवढेच यंत्र पुनःपुन्हा सांगते. अब्जावधी आकडे अशा रीतीने सुधारीत नेले असता त्यातून निबंध, पत्रे व उत्तरे निघू लागतात, हे नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चॅटजीपीटी’ने सर्वसामान्यांच्या अनुभवास आणून दिले. हॉपफील्ड व हिंटन यांना २०२४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक या विषयाच्या पायाभूत कामासाठी मिळाले. असे यंत्र खरे-खोटे जाणत नाही. संभवनीय काय ते जाणते. म्हणून ते अस्तित्वात नसलेला ग्रंथ किंवा न्यायनिर्णय आत्मविश्वासाने सांगू शकते, आणि ज्याला मूळ माहीत नाही त्याची फसगत होते.

या नव्या मार्गात व्याकरण लिहावे लागत नाही, मजकूर मात्र अफाट लागतो. आणि मराठीचे दुखणे नेमके तेथे आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सु. ८ कोटी ३० लाख लोक होते. पण महाजालावरील मुक्त ज्ञानकोशात इंग्रजीचे लेख साठ लाखांहून अधिक, तर मराठीचे एक लाखाच्या आसपास. मराठीतील ग्रंथांचा मोठा भाग अद्याप कागदावरच आहे. शिवाय इंग्रजी डोळ्यांपुढे ठेवून बनविलेली यंत्रे देवनागरी शब्दाचे अधिक तुकडे पाडतात. त्यामुळे तोच आशय मराठीत विचारल्यास अधिक संगणन लागते व खर्चही वाढतो. परक्या मजकुरावर वाढलेले यंत्र मराठी लिहू लागले, म्हणजे शब्द मराठी पण वाक्य इंग्रजी वळणाचे, असा प्रकार वारंवार दिसतो. हे यंत्रापुरते राहत नाही; तसले मराठी रोज वाचणाऱ्या मुलांच्या कानालाही तेच वळण योग्य वाटू लागण्याचा धोका आहे. केंद्र शासनाने २०२२ मध्ये भाषांतरासाठी ‘भाषिणी’ ही योजना सुरू केली. पवईच्या संस्थेच्या पुढाकाराने २०२४ मध्ये ‘भारतजेन’ हा भारतीय भाषांसाठी मोठी प्रतिमाने घडविण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला.

उपयोग : वैद्यकात क्षयरोगाच्या शोधासाठी या तंत्राचा उपयोग विशेष महत्त्वाचा ठरला आहे. छातीचे क्ष-किरण छायाचित्र काढण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी असते, पण ते वाचणारा तज्ञ नसतो. मुंबईत २०१६ मध्ये सुरू झालेल्या क्युअर या कंपनीची प्रणाली अशी छायाचित्रे वाचून रोगाची शक्यता दर्शविते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या चाळणीसाठी अशा प्रणाली माणसाऐवजी वापरण्यास मान्यता दिली. चाळणी म्हणजे निदान नव्हे. अंतिम निर्णय थुंकीच्या तपासणीनेच करावयाचा असतो.

शेतीतील उदाहरण कपाशीचे आहे. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापसाचे फार नुकसान केले. ही अळी बोंडाच्या आत राहते. ती दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. म्हणून शेतात कामगंध सापळे लावून त्यांत अडकलेले पतंग मोजतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ वा अधिक पतंग आढळले, तर फवारणीची वेळ आली असे समजतात. मोजण्याचे काम कंटाळवाणे असते आणि पतंग ओळखण्यात चुका होतात. मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात २०१८ मध्ये सुरू झालेल्या वाधवानी कृत्रिम बुद्धिमत्ता संस्थेने सापळ्यातील पतंगांचे भ्रमणध्वनीवर काढलेले छायाचित्र पाहून त्यांची संख्या व सल्ला देणारी प्रणाली तयार केली. बारामती येथे उसाच्या पिकावर उपग्रहचित्रे व जमिनीतील संवेदक यांच्या आधारे पाणी व खत ठरविण्याचे प्रयोग झाले आहेत.

न्यायव्यवस्थेत सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून निर्णयांच्या मराठीसह इतर भाषांतील अनुवादासाठी यंत्राचे साहाय्य घेण्यास सुरुवात केली. पोलीस दलासाठी महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये नागपूर येथे ‘मार्व्हल’ ही कंपनी स्थापन केली. गुन्ह्यांच्या तपासाला त्याने वेग येईल. परंतु यंत्राने संशयित म्हणून दाखविलेल्या माणसाने आपले निरपराधित्व कोणापुढे व कसे सिद्ध करावे, याचे स्पष्ट नियम यंत्र येण्यापूर्वी झाले असते तर बरे होते.

इतिहाससंशोधकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा उपयोग अजून हाती यावयाचा आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तरासह कोट्यवधी कागद आहेत व त्यांतील फार मोठा भाग मोडी लिपीत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रचारात असलेली ही लिपी आता थोड्यांनाच वाचता येते. मोडीत लेखणी न उचलता लिहितात, शब्द तोडीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळीत नाहीत, आणि प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे. नरसिंहन् यांच्या व्याकरणाला रेघेचे टोक व सांधा लागतो; मोडीत तोच सापडत नाही. उदाहरणांवरून शिकणाऱ्या जाळ्यांना ही अडचण कमी जाणवते, पण त्यांना शिकविण्यासाठी जाणकारांनी वाचून दिलेले हजारो कागद हवेत. ते वाचणारी पिढी वृद्ध होत आहे.

ठाणे परिसरात या स्थित्यंतराचे दृश्य रूप पाहावयास मिळते. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले व त्याच्या पहिल्या वसाहतींपैकी एक वागळे इस्टेट ठाण्यातच झाली. माजिवड्याच्या नजीक, पोखरण मार्गावर, रेमंडची लोकरीची गिरणी व व्होल्टासचे कारखाने यांत हजारो कामगार होते. आता त्याच मार्गावर टाटा कन्सल्टन्सीचे यंत्र पार्क हे सॉफ्टवेअर संकुल आहे आणि गिरणीच्या जमिनीवर निवासी मनोरे उभे आहेत. खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जेथे रासायनिक कारखान्यांची रांग होती, तेथे ऐरोली, रबाळे, महापे भागांत विदाकेंद्रे उभी राहिली. देशातील विदाकेंद्रांच्या क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई परिसरात आहे; समुद्राखालील तारा मुंबईला किनाऱ्यावर येतात हे त्याचे एक कारण. खिडक्या नसलेल्या या इमारतींना अहोरात्र वीज लागते, यंत्रे थंड ठेवण्यासाठी त्यांना शीतनाची मोठी व्यवस्था करावी लागते, आणि बांधकाम पुरे झाल्यावर आत काम करणारी माणसे, पूर्वीच्या एका मध्यम कारखान्याच्या पाळीला लागत त्यांच्या मानाने, अगदी थोडी असतात.